वाचक विचारतात : लाकडी पेनाचं फिनिश टिकत का नाही?

मागच्या अंकात छोट्या लेथवर लाकडी पेन कसं कातायचं ते लिहिलं होतं, आणि प्रश्न आले ते जवळजवळ सगळे फिनिशचे. बरोबरच आहे म्हणा, कातायला तासभर लागतो आणि फिनिश करताना माणूस दोन दिवस डोकं धरून बसतो. खेळण्याला किंवा टेबलाला चालतं ते पॉलिश पेनालाही चालेल असं सगळ्यांना वाटतं, पण टेबल कोणी दिवसभर घामट मुठीत धरून बसत नाही, खिशात किल्ल्यांबरोबर ठेवत नाही आणि विचार करताना चावतही नाही. सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि नावं न छापता फक्त गावं दिलीत.

प्रश्न : ताई, साग आणि बाभळीची बरीच पेनं केली, फ्रिक्शन पॉलिश मारलं, लेथवरून उतरवली तेव्हा आरशासारखी चमकत होती. ऑफिसात वापरायला घेतली तर दोन महिन्यांत बोटं धरतात तिथे डल आणि थोडी चिकट झालीत. पॉलिश डुप्लिकेट निघालं का? (पुणे)

पॉलिश डुप्लिकेट नाही हो, ते या कामाचंच नाही. फ्रिक्शन पॉलिश म्हणजे मुळात स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख, त्यात थोडं तेल नाहीतर मेण. फिरत्या लाकडावर कापडाने दाबलं की घर्षणाच्या उष्णतेने स्पिरिट उडतं, लाख मऊ होऊन पसरते आणि मिनिटाभरात चमक येते, म्हणून तर प्रदर्शनात समोर बसून पेन कातणाऱ्यांचं ते लाडकं. पण थराची जाडी बघायला गेलं तर जवळजवळ काहीच नाही. वर लाखेचा स्वभाव असा की ती अल्कोहोलमध्ये विरघळते, सोडा-डिटर्जंटसारख्या अल्कलीत विरघळते आणि ७५-८० डिग्रीला मऊ पडते. ऑफिसात टेबलाटेबलावर सॅनिटायझरची बाटली असते, त्यात ७० टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल, हात पुरते सुकायच्या आत पेन उचललं की रोज थोडं थोडं पॉलिश तुम्हीच पुसून काढताय. एप्रिल-मे मध्ये गाडीच्या डॅशबोर्डवर पेन राहिलं तर वेगळं काही करायची गरजच नाही.

वरून मेणाचा हात मारा असं कोणीतरी सांगेलच. कार्नोबा मेण बाकीच्या मेणांपेक्षा कडक असतं, दिसतं छान, पण रोजच्या हाताळणीत आठवडा-दोन आठवड्यांत गेलंच समजा. मेण ही शेवटची चमक आहे, संरक्षण नाही.

रोज वापरायच्या पेनासाठी माझी पहिली पसंती सीए. म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेट, आपला इन्स्टंट ग्लू. १९४२ मध्ये अमेरिकेत ईस्टमन कोडॅकमध्ये हॅरी कूव्हर यांच्या टीमला बंदुकीच्या दुर्बिणीसाठी पारदर्शक प्लास्टिक शोधताना हे रसायन सापडलं, सगळ्यालाच चिकटतं म्हणून वैतागून बाजूला ठेवलं आणि मग १९५८ मध्ये ग्लू म्हणून बाजारात आलं. लाकडावर पातळ थरांमध्ये चढवलं तर त्याचं कडक, पारदर्शक कवच होतं, त्याला घाम लागत नाही, पाणी लागत नाही, सॅनिटायझरने सहसा काही होत नाही. त्याचा खरा शत्रू अ‍ॅसिटोन, म्हणजे नेलपॉलिश रिमूव्हर.

पद्धत साधी आहे पण घाई चालत नाही. १५० पासून ६०० ग्रिटपर्यंत (आकडा मोठा तेवढा कागद बारीक) सँडिंग करायचं, आणि प्रत्येक ग्रिट झाल्यावर लेथ बंद करून एकदा हाताने रेषांच्या दिशेने उभा कागद मारायचाच, कारण फिरत्या लाकडावर पडलेले आडवे ओरखडे सीएच्या खाली भिंगातून बघावं तसे मोठे दिसतात आणि मग काही करता येत नाही. धूळ हवेने उडवा, सागाला किंवा शिसवीला अ‍ॅसिटोनने पुसून घ्या कारण त्यात नैसर्गिक तेल असतं आणि तेलावर सीए नीट धरत नाही, कापडाला रंग यायचा थांबेपर्यंत पुसायचं आणि पूर्ण उडून जाऊ द्यायचं. मग लेथ हळू, ५०० आरपीएमच्या आसपास, किचन पेपरची घडी खाली धरायची आणि वरून थिन म्हणजे पातळ सीएचे थेंब, घडी डावीकडून उजवीकडे एकदाच न थांबता न्यायची. थिनचे दोन-तीन कोट लाकडात मुरतात, त्यावर मीडियमचे, म्हणजे जरा दाट सीएचे, सहा-आठ. प्रत्येक कोट आपोआप सुकू द्या. शेवटी पाणी लावून मायक्रोमेशचे, म्हणजे अतिबारीक घासायचे, नऊ पॅड, १५०० ते १२००० पर्यंत. ते महाग वाटले तर गाड्या रंगवणाऱ्यांच्या दुकानातून वॉटर पेपर आणा, ८०० ते २००० पर्यंत जा आणि पुढे कारची रबिंग पॉलिश, काम होतं. फक्त त्या पॉलिशमध्ये सिलिकॉन असेल तर त्यावर परत कोट मारायला जाऊ नका, खळगे पडतात.

आणि एक, कापूस किंवा सुती कापड सीएला अजिबात नको. जुन्या बनियनचा तुकडा घ्यायची आपल्याला सवय असते, पण सुती धाग्यावर सीए पडलं की ते एकदम सुकतं, गरम होतं, धूर येतो आणि बोट भाजतं.

प्रश्न : मॅडम, उन्हाळ्यात केलेली पेनं मस्त झाली. जुलैमध्ये त्याच ग्लूने, त्याच लाकडावर सगळं पांढरट होतंय, कुठे ठिपके, कुठे सगळीकडे धुकं. ग्लू बदलून बघितला तरी तेच. (रत्नागिरी)

ग्लूला दोष देऊ नका, तुमच्या हवेला द्या. सीए सुकतं म्हणजे त्यातून काही उडून जात नाही, हवेतली आणि लाकडावरची ओल लागली की त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि ते घट्ट होतं. थोडी ओल हवीच, पण कोकणातल्या जुलैत ओल थोडी नसते. मग वरचा पापुद्रा झटक्यात सुकतो, खालचा भाग मागे राहतो, आणि न सुकलेल्या सीएची जी वाफ वर येते ती हवेतच सुकून पांढऱ्या भुकटीच्या रूपात पेनावर परत बसते. भुकटी नुसती वर असेल तर सँडिंगमध्ये निघते. थरांच्या आत असेल तर निघत नाही, तिथपर्यंत घासून खाली जावं लागतं.

यात अ‍ॅक्सिलरेटर, म्हणजे सीए झटपट सुकवणारा स्प्रे, मारला तर आगीत तेल. पावसाळ्यात तुम्हाला मुळात तो लागतच नाही आणि मारलात तर बुडबुडे आणि पांढरे डाग पक्के. कोट एकदम पातळ करा, जाड एक कोट मारण्यापेक्षा पातळ तीन बरे, आणि छोटा पंखा लांबून लावून ठेवा म्हणजे वाफ पेनावर न बसता निघून जाईल, पण थेट झोत पेनावर नको. अ‍ॅसिटोनने पुसल्यावर पूर्ण सुकायच्या आधी पहिला कोट मारला तरी धुकं येतं, आणि पावसात तर अ‍ॅसिटोन उडताना लाकूड गार पडतं आणि त्याच्यावर हवेतलं पाणी बसतं, त्यामुळे पाच-दहा मिनिटं जाऊ द्या. एसीची खोली असेल तर फिनिशिंग तिकडे न्यायचा मोह होतो, ओल कमी होते हे खरं, पण वाफ डोळ्यात जाते आणि बंद खोलीत फिरत राहते, घरचे ओरडतील आणि त्यांचं बरोबर असेल.

बाटलीची पण काळजी घ्या. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवली तर जास्त दिवस टिकते, पण बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, नाहीतर गार बाटलीत ओली हवा जाऊन आतच घट्ट होतं. उघडलेली असेल ती सिलिका जेलची पुडी टाकलेल्या हवाबंद डब्यात.

आणि तुमच्याकडे पावसात लाकूडच किती ओलं असतं त्याचं पुढे एका उत्तरात येतंय, ते नक्की वाचा, कारण तुमचा अर्धा त्रास तिथे आहे.

प्रश्न : कोपऱ्यावरच्या दुकानातलं फेविक्विक चालतं का? (बीड)

चालतं, तेही सीएच आहे, पातळ प्रकारातलं. पण अर्ध्या ग्रॅमच्या ट्यूबने पेन करायचं म्हणजे ट्यूबा फोडत बसा, मध्येच एक संपते, तोवर कोट अर्धा सुकतो आणि जोड दिसतो. शिकायला, एखाद्या पेनापुरतं ठीक. पुढे २० किंवा ५० ग्रॅमची बाटली घ्या, थिन आणि मीडियम वेगवेगळी.

प्रश्न : मी कोल्हापूरचा, आता टोरांटोत असतो. गावच्या मित्राने फणसाच्या आणि चिंचेच्या लाकडाची पेनं करून पाठवली, फिनिश उत्तम होतं. पहिल्याच हिवाळ्यात चिंचेच्या पेनाला वरपासून खालपर्यंत चीर गेली, फिनिशसकट. फिनिश कमजोर होतं का?

फिनिश बिचारं शेवटपर्यंत धरून होतं. लाकूड हवेतल्या दमटपणाप्रमाणे पाणी घेतं आणि सोडतं, हे कापल्यावर, वाळवल्यावर, पेन झाल्यावरही चालूच राहतं. हवेत ८५ टक्के दमटपणा असेल तर लाकूड १८ टक्क्यांच्या आसपास पाणी धरून बसतं, ६५ टक्क्यांना १२, आणि २० टक्क्यांना साडेचार. कोल्हापुरात पावसाळ्यात कातलेलं पेन त्या १८ च्या जवळपास असणार, आणि तुमच्याकडे जानेवारीत बाहेर बर्फ, घरात हीटर, आतली हवा कोरडी ठणठणीत. लाकूड आकसायला लागतं. पण आत पितळेची नळी आहे, ती आकसत नाही, आणि तिच्यावर लाकडाची भिंत असते जेमतेम एक-दीड मिलिमीटर. ती कुठेतरी फाटणारच, आणि सीएचं कवच कडक असल्यामुळे तेही तिच्याबरोबर फाटतं.

फिनिशने ओलीची ये-जा हळू होते, थांबत नाही, हे कितीही महागडं फिनिश आणलं तरी तसंच राहतं. त्यामुळे मित्राला सांगा, आधी लाकूड. ठोकळे कापून भोक पाडून ठेवायचे, भोक पाडलं की ते आतूनही वाळतात, आणि स्वयंपाकघरातल्या छोट्या डिजिटल काट्यावर आठवड्याला एकदा वजन लिहून ठेवायचं. वजन उतरायचं थांबलं की त्या हवेपुरतं लाकूड वाळलं. परदेशी पाठवायचं असेल तर पुढे सिलिका जेलच्या डब्यात अजून काही आठवडे, आणि कातायचं फेब्रुवारी-मार्चमध्ये. भोक पाडल्यावर वाळताना ते थोडं अंडाकृती होतं, तेव्हा नळी चिकटवायच्या आधी ड्रिल परत एकदा फिरवून घ्यायचं. नळीसाठी मी सीएपेक्षा इपॉक्सी वापरते, नळी खरखरीत करून, कारण ते किंचित लवचीक असतं आणि आत रिकामी जागा सोडत नाही.

चीर गेलेलं पेन टाकू नका. चीर बारीक असेल तर त्याच लाकडाची भुकटी भरून थिन सीए सोडा, सुकलं की घासा. फक्त ते तिकडच्या कोरड्या हवेतच करा. भारतात आणून भरलंत तर पुढच्या हिवाळ्यात शेजारी दुसरी चीर येईल.

प्रश्न : ताई, मी फाइन आर्टला आहे, गाव कुडाळजवळ. सावंतवाडीच्या खेळण्यांना लाखेचा रंग देतात तसा पेनाला दिला तर टिकेल का? सगळे सीए सीए करतात, आपलं पारंपरिक काही नाहीच का?

आहे ना, आणि तू सावंतवाडीच्या एवढ्या जवळ आहेस तर चितारी मंडळींकडे, म्हणजे ही खेळणी करणाऱ्या कारागिरांकडे, जाऊन बघच, लेखातून कळणारी गोष्ट नाही ती. कर्नाटकातल्या चन्नपट्टणलाही कातीव खेळण्यांवर लाखच असते, तिथलं लाकूड म्हणजे आपला काळा कुडा. रंग मिसळलेल्या लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबून धरतात, घर्षणाने ती वितळून चढते आणि मग केवड्याच्या पातीने दाबून पसरवतात आणि चकाकी आणतात. यात स्पिरिट नाहीच, त्यामुळे थर चांगला जाड बसतो आणि फ्रिक्शन पॉलिशपेक्षा कितीतरी जास्त टिकतो. पण लाख ती लाखच. वर पुणेकरांना सांगितलं ते सगळं तिला लागू. घरच्या टेबलावरचं, सही करायचं, हौसेचं पेन असेल तर बिनधास्त कर, त्या लाल-पिवळ्या पट्ट्या सीएमध्ये येणारच नाहीत. कंडक्टरच्या खिशात द्यायचं असेल तर नको.

एक गल्लत सगळीकडे होते म्हणून सांगते. जपानी पेनांवर जी लाख म्हणतात ती उरुशी, ती वेगळीच. आपली लाख किड्यापासून येते, उरुशी झाडाच्या चिकापासून. ती सुकायला उलट दमट हवा लागते, ७०-८० टक्के दमटपणाच्या पेटीत ठेवून सुकवतात, आणि एकदा पक्की झाली की अल्कोहोलने हलत नाही. पायलट कंपनीची नामिकी नावाची माकी-ए (ओल्या लाखेवर सोन्याची भुकटी टाकून केलेली नक्षी) पेनं १९२० च्या दशकापासून याच उरुशीने केली जातात. म्हणजे रत्नागिरीच्या ज्या हवेने सीएची वाट लागते ती हवा उरुशीला मानवते. पण ओली उरुशी अंगाला लागली तर भयंकर फोड येतात. ते झाड बिब्ब्याच्या आणि काजूच्याच कुळातलं आहे, त्यामुळे बिब्बा उतलेला माणूस ज्याने बघितलाय त्याला वेगळं सांगायला नको. जपानात उरुशीला स्वस्त पर्याय म्हणून काजूच्या टरफलाच्या तेलापासून केलेलं लॅकरही वापरतात. हे वाचून काजूच्या फॅक्टरीतून कच्चं तेल आणून पेनाला फासायला जाऊ नकोस, कातडी सोलून निघेल. ते प्रक्रिया केलेलं असतं.

प्रश्न : माझं फर्निचरचं काम आहे. मेलामाइन आणि पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश आमच्याकडे रोजचंच. त्यातलं पेनाला काय मारू? (नाशिक)

तुमच्यासारख्याने सीएच्या मागे लागूच नये असं माझं स्पष्ट मत, हातात स्प्रे गन आहे आणि शॉपमध्ये टू-के पीयू पडलेलं असतं, अजून काय पाहिजे. टू-के पीयू म्हणजे हार्डनर मिसळायचं ते. पेनावर ते सीएच्या तोडीचं टिकतं, थोडं लवचीक असल्यामुळे लाकूड हललं तर एकदम तडकत नाही, आणि एका वेळी तारेवर पंचवीस पेनं टांगून मारता येतात, सीएमध्ये एकेक घेऊन बसावं लागतं. सागासारख्या उघड्या रंध्रांच्या लाकडाला आधी सीलर मारून, ३२० ने घासून रंध्रं भरून घ्या. पेन एवढं लहान की गनचा नेहमीचा फवारा त्याच्या दुप्पट रुंद पडतो, तर फवारा बारीक करा आणि हात लांब ठेवा, नाहीतर खाली थेंब लोंबतो. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात, साधा कापडी मास्क त्याला काही कामाचा नाही, ऑरगॅनिक व्हेपरचं कार्ट्रिज असलेला मास्क आणि उघडी हवा. हे तुम्हाला माहीत असेल पण शॉपमधल्या पोरांना पण द्या.

मेलामाइन पण चालेल, कडक असतं, पण पातळ पेनावर ते मला ठिसूळ वाटतं आणि हलक्या रंगाच्या लाकडावर पुढे पिवळट दिसतं. एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर सगळ्यात सोपं पण थिनर लागला की परत विरघळतं, म्हणजे टिकाऊपणात सगळ्यात खाली. त्याचा एक फायदा असा की पावसाळ्यात ते पांढरं पडलं तर वरून रिटार्डर (सुकणं लांबवणारं द्रव्य) मिसळलेल्या थिनरचा हलका हात मारून परत पारदर्शक करता येतं. सीएचं पांढरेपण असं जात नाही.

पीयूला वरवर सुकलं म्हणून लगेच पेन जोडायला घेऊ नका, आठवडाभर टांगून ठेवा. पेन जोडायच्या प्रेसमध्ये दाबताना कच्च्या थरावर जबड्याचा ठसा उमटला तर सगळं परत.

प्रश्न : सीए केलेलं पेन हातात धरलं की प्लास्टिक धरल्यासारखं वाटतं. मला लाकूड लाकडासारखंच लागायला हवंय, तरी टिकायला हवं. दोन्ही होईल का? (नागपूर)

बऱ्याच जणांचं हेच म्हणणं आहे आणि ते चुकीचं नाही. आधी एक करून बघा, सीएच ठेवा पण चमक काढा. शेवटचे बारीक पॅड मारूच नका, वॉटर पेपरच्या ८००-१००० ला थांबा आणि राखाडी स्कॉच-ब्राइटने उभं घासा. चमक ही फक्त वरच्या पृष्ठभागाची गोष्ट आहे, थर तेवढाच राहतो, म्हणून टिकाऊपणा कमी होत नाही, आणि घामट बोटांना पकडही चांगली येते. कोट पण कमी चालतील, थिनचे तीन-चार, म्हणजे लाकडाच्या रंध्रांचा खडबडीतपणा बोटाला कळतो.

तरी नको असेल तर तेल. बॉइल्ड लिन्सीड म्हणजे सुकवणारे क्षार घातलेलं जवसाचं तेल, किंवा टंग ऑइल, किंवा डॅनिश ऑइल ज्यात तेलाबरोबर थोडं व्हार्निश असतं. घरात खायचं जवसाचं तेल आणलंत तर ते सुकायला महिने घेईल, आणि खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तर कधीच धड सुकणार नाही, नुसतं धूळ धरेल. पातळ हात लावायचा, १५-२० मिनिटांनी उरलेलं सगळं पुसून काढायचं, दुसऱ्या दिवशी परत, असं चार-पाच वेळा, आणि मग दोन-तीन आठवडे पेनाला हात लावायचा नाही. तेल लाकडात मुरतं, कवच करत नाही, त्यामुळे घाम आत जातो आणि धरायची जागा हळूहळू काळी पडते. काहींना ते आवडतं. न आवडणाऱ्यांनी वर्षातून दोनदा हलकं घासून परत तेल द्यावं, दहा मिनिटांचं काम आहे, आणि ते सीएला जमत नाही, सीएला ओरखडा पडला की परत लेथवरच चढवावं लागतं. मला विचाराल तर खैर, बाभूळ, शिसवी असं घट्ट लाकूड तेलात छान राहतं. शिवणीसारख्या मऊ, फिकट लाकडाला तेल नको, महिन्यात मळकं दिसेल.

तेल पुसलेल्या चिंध्यांचा गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं, गोळ्यात ती अडकते आणि कोणी काडी न लावता चिंधी पेट घेते. नागपूरच्या मे महिन्यात तर फारच जपा. दोरीवर मोकळी वाळत घाला किंवा पाण्याच्या बादलीत.

प्रश्न : फिनिश मधे मस्त असतं पण पेनाच्या दोन्ही टोकांना पांढरी कडा येते आणि काही दिवसांनी तिथूनच उचकटतं. कधीकधी बुशिंग (लेथवर पेनाच्या दोन्ही टोकांना लावायच्या मापाच्या कड्या) काढतानाच टवका निघतो. (ठाणे)

ही दोन वेगळी दुखणी आहेत. टवका निघतो कारण सीए पेनावरून बुशिंगवर वाहून दोघांना एकच करून टाकतं आणि तुम्ही झटका देऊन काढता. सांध्यावर आधी धारदार ब्लेडने हलकी रेघ मारून मग काढा, किंवा कोटिंगच्या वेळी धातूचे बुशिंग काढून प्लास्टिकचे शंकूसारखे लावा. पॉलिथिन, टेफ्लॉन, मेण यांना सीए चिकटत नाही. प्लास्टिक बुशिंग कोणाकडूनही विकत घ्यायची गरज नाही, भाजी कापायच्या पांढऱ्या एचडीपीई बोर्डाचा तुकडा लेथवर कातून तुम्हीच करा.

पांढरी कडा मात्र पाण्याची. वेट सँडिंग करताना टोकाच्या उघड्या आडव्या रंध्रांमधून पाणी आत शिरतं, लाकूड तिथे फुगतं आणि फिनिशला खालून ढकलतं. म्हणून पाणी लावायच्या आधी दोन्ही टोकांना थिन सीएचा एकेक थेंब फिरवा, सुकू द्या, आणि टोक सपाट घासून घ्या नाहीतर क्लिपची रिंग नीट बसणार नाही. आणि लाकूड कातताना बुशिंगच्या किंचित खाली उतरवा, कारण फिनिशची पण जाडी असते. कडेला फिनिशचा उंबरा राहिला की नखाने तोच आधी उचकटला जातो.

प्रश्न : फणसाच्या पेनाचा पिवळा रंग कायम ठेवणारं फिनिश कोणतं? (सिंधुदुर्ग)

कोणतंच नाही. उजेडाने फणस तपकिरी होतोच. यूव्ही रोखणारा पीयू क्लिअर लावला तर तो वेग कमी होतो, एवढंच. मला तो जुना, मधाळ रंग जास्त आवडतो, पण गिऱ्हाइकाला विकताना आधी सांगा म्हणजे परत घेऊन येणार नाही.

प्रश्न : वडिलांना निवृत्तीला मिळालेलं लाकडी पेन आहे, वरचा थर सोललाय आणि पिवळा पडलाय. परत नवं करता येईल का, आणि आधी कुठलं फिनिश होतं ते कसं ओळखायचं? (सोलापूर)

क्लिपखाली न दिसणाऱ्या जागी कापसाच्या बोळ्याने स्पिरिटचा ठिपका लावा. चिकट झालं तर लाख. नाही झालं तर थिनरचा ठिपका, त्याने विरघळलं तर एनसी लॅकर. त्यानेही काही नाही तर अ‍ॅसिटोन थोडा वेळ लावून ठेवा, मऊ पडून जेलीसारखं झालं तर सीए, आणि तेही नाही झालं तर बहुतेक पीयू किंवा मेलामाइन, ते घासूनच काढावं लागतं. पेनाच्या बाकी भागात प्लास्टिक असेल तर अ‍ॅसिटोन आणि थिनर त्याला खातात, म्हणून मोठ्या प्रमाणात काही करायच्या आधी पेन सोडवून घ्या. नळीच्या आत मागच्या बाजूने घालून हलका ठोका देऊन पार्ट काढायचा जो पंच सेट मिळतो तो वापरा, पक्कड नको, आणि काढलेले पार्ट कोणत्या बाजूचे कुठे ते चिकटपट्टीवर लिहून ठेवा.

लाकूड उघडं झालं की लगेच नवा कोट मारू नका. इतक्या वर्षांचा घाम आणि तेल त्यात मुरलेलं असतं, दोन-तीनदा अ‍ॅसिटोनने पुसून एक दिवस ठेवा. त्याच्यावर काही नाव किंवा तारीख कोरलेली असेल तर त्या भागावर कागद चालवूच नका, अक्षरं उथळ असतात, ४०० चा कागद दोनदा फिरला तरी जातात. तिथे फक्त सॉल्व्हंट आणि जुना मऊ टूथब्रश. आणि वडील ते अजून वापरत असतील, सह्या-बिह्या करायला, तर सीएऐवजी साधं वाइप-ऑन पॉलियुरेथेन घ्या, टर्पेंटाइनने पातळ करून, रोज एक असे पाच पातळ हात, कोरलेल्या अक्षरांत ते साचत नाही आणि लेथ नसला तरी हाताने लावता येतं. मग तीन आठवडे कपाटात, वडिलांनी कितीही मागितलं तरी द्यायचं नाही.